घरात घालायच्या चपला

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माहेरी सगळे म्हणायचे, आणि ते खरंच आहे. बसून राहणं मला जमत नाही. फोनवर बोलतानाही मी या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात टाच दुखायला लागली तेव्हा दुखण्यापेक्षा संतापच जास्त आला. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी फ्लॅटची फरशी थंडीत नुसता बर्फ असते. मी भिंत धरून, दातओठ खात स्वयंपाकघरापर्यंत जायची.

डॉक्टरांनी तळपाय दाबून पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. बाहेर जाताना लेसचे, मागून घट्ट आणि तळव्याला आधार देणारे बूट घालायचे. आणि घरात एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. "किचन में भी नहीं," असं त्यांनी मुद्दाम बजावलं.

पहिली गोष्ट मी लगेच मनावर घेतली. दुसरी ऐकलीच नाही असं ठरवून टाकलं, कारण घरात सासूबाई आहेत. वय ऐंशीच्या पुढे. सगळी उमर दिल्लीत गेली, शेजारणी चपला फटफटवत गॅसपाशी उभ्या राहतात हे त्यांनी जन्मभर पाहिलं, पण आमच्या स्वयंपाकघरात चप्पल आलेली मी लग्नापासून पाहिली नाही. देव्हाराही तिथेच, फ्रिजच्या शेजारी. बरं, त्या भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर मीही भांडले असते. मनाला लागलं की त्या गप्प होतात आणि जेवण कमी करतात. या वयात त्यांच्या ताटातली अर्धी पोळी कमी झाली तरी मी दिवसभर "थोडं खा" म्हणत त्यांच्यामागे फिरते.

म्हणून मी बाहेरचे बूट शोधत सुटले. आधी जवळचं सरोजिनी नगर, मग करोल बाग. नोएडाचा एक मॉल. कुणीतरी सांगितलं म्हणून फरीदाबादला कारखान्याच्या दुकानातसुद्धा जाऊन आले. पण प्रत्येक ठिकाणी माझी एक अट असायची, "भैया, बिना लेस का दिखाओ, झट से उतरने वाला." कारण मराठी माणसाच्या दारात गेलं की आधी पायातलं काढायचं. शनिवार-रविवार हळदीकुंकू, वाढदिवस, कुणाकडे सत्यनारायण. दारातल्या चपलांच्या ढिगात लोकांची वाट अडवून लेस सोडत कोण बसणार?

"पटकन निघणारा आणि टाच घट्ट धरून ठेवणारा, असा बूट जगात कुठे असतो यार?" नवरा वैतागून म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुला दुकानात उभं राहायचा कंटाळा येतो एवढंच. आणि पुन्हा झटकन निघणाराच जोड घेऊन आले. आमच्या दाराबाहेर इतके जोड साठले की शेजारीण विचारायला लागली, "मेहमान आए हैं क्या?"

शेवटी झक मारत लेसचे घेतले. पहिल्याच दिवशी कॉलनीच्या बागेत फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. टाच चक्क गप्प होती. मला ओरडावंसं वाटलं इतका आनंद झाला. घरी आले, दारात बूट काढले, फरशीवर पाऊल ठेवलं, आणि तीच कळ मस्तकात गेली.

"आईशी बोल ना एकदा," नवरा म्हणाला.

"तुझी आई आहे, तू बोल."

"चलो, मग दुखू दे," म्हणून तो पेपर वाचायला लागला. मला त्याच्या हातातला पेपर ओढून फाडावासा वाटला.

पुढच्या रविवारी पोळ्या लाटताना मला उभंच राहवेना. गॅस बंद केला, कणीक झाकली आणि तशीच तडक बाजारात गेले. जाड मऊ तळव्याच्या घरात घालायच्या चपला घेतल्या. परत येऊन त्या पायात घातल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत सासूबाई स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून..."

"कधी सांगितलं?"

"थंडी सुरू झाली तेव्हा."

"आणि तू आत्ता आणतेस?" त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "पहाटे मला जाग असते. भिंत धरत येतेस ते ऐकू येतं. मला रोज वाटायचं, आज तरी काहीतरी घालून येईल."

इतके दिवस मी गावभर हिंडत होते आणि त्या पडल्या पडल्या माझी पावलं ऐकत होत्या.

"माझ्याही टाचा दुखायच्या," त्या म्हणाल्या. "सासूबाई होत्या तोवर घालणं शक्यच नव्हतं. नंतर मग कोणी म्हणालं नाही, घाल म्हणून. मीही घातल्या नाहीत. तू घाल. देवासमोर बसताना काढ म्हणजे झालं."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्यांचा नाही, त्या सगळ्या वर्षांचा. एक क्षणही थांबवेना. म्हटलं, लगेच परत बाजारात जाते, यांच्यासाठीही आणते.

"आई, तुमचा नंबर काय?"

त्यांनी गोंधळून आपल्याच पायांकडे पाहिलं.

"मला काय माहीत? मी कधी दुकानात जाऊन घालून बघितली? मामंजी होते तोवर मामंजी, मग हे आणायचे. मोठीच आणायचे. मी पुढे कापूस कोंबून घालायची."