चौथ्या वचनाचं ठिकाण

पप्पा गेले त्याच्या चौथ्या दिवशी आई खाटेवरून म्हणाली, "आता स्तोत्र तू म्हणायचं."

रोज संध्याकाळी जेवणाआधी पप्पा तिच्या उशाशी बसून बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायचे. आईला आता दिसत नाही, उठताही येत नाही. स्तोत्र झालं की ती जेवायची. पप्पा गेल्यापासून मात्र दोन घासांवर ताट परत जात होतं.

मी पुस्तक उघडलं, खाकरलो आणि नाताळच्या नाटकात राजाचं काम करताना काढतो तो आवाज लावला. पान उलटल्याचं तिला ऐकू आलं.

"वाचू नकोस. वाचायला काय, बातम्या देणारीही वाचेल. तोंडपाठ म्हण."

सहाच तर वचनं! पण पाठ करायला बसलो की बसवेना. त्या दिवसांत मला कुठेच बसवत नव्हतं. कपाटं उघडायचो, बंद करायचो, न गळणारे नळ आवळायचो. बायको म्हणाली, "अहो, घरात भोवरा पाळल्यासारखं झालंय. फिरायचंच तर बाहेर फिरा, येताना दूध तरी आणाल."

मग मी नाशिक रोडभर फिरू लागलो आणि मला शोध लागला, की पाय चालले की माझं डोकं चालतं! लगेच एकेका वचनाला मी रस्त्यावरचं एकेक ठिकाण बहाल केलं. मेंढपाळाचं पहिलं वचन सोसायटीच्या फाटकाशी, कारण सकाळी आम्ही सगळे तिथून कळपानेच बाहेर पडतो. हिरव्या कुरणांचं दुसरं मेथीच्या हातगाडीपाशी. सन्मार्गाचं तिसरं सिग्नलला, जिथे एकही रिक्षा सन्मार्गाने जात नाही. शत्रूंसमोर वाढलेल्या ताटाचं मिसळीच्या दुकानापुढे, कारण माझे डॉक्टर शेजारीच बसतात. शेवटचं चर्चच्या दारात.

आठवड्याने प्रयोग लावला. बसून जमेना म्हणून खाटेभोवती फेऱ्या घालत म्हटलं.

"प्रदक्षिणा कसल्या घालतोस? मी काय देवी आहे?" आई म्हणाली. "आणि चौथं वचन खाल्लंस."

"छे! तुझं मोजायला चुकलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने ताटाला हातही लावला नाही. तिला हसवावं म्हणून मी माझी युक्ती रंगवून सांगितली, मेथी, मिसळ, डॉक्टर, सगळं. ती खरंच हसली. मग म्हणाली, "आणि चौथ्याला कुठलं दुकान दिलंस?"

सिग्नल आणि मिसळ यांच्या मध्ये तो दवाखाना आहे, जिथे पप्पांचे शेवटचे अकरा दिवस गेले. मी रोज तेवढ्यापुरता मागच्या गल्लीत शिरत होतो. मृत्यूच्या छायेचं ते वचन गल्लीतच गळून पडत होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरलो नाही. दवाखान्याच्या फाटकासमोर पुटपुटत येरझाऱ्या घालू लागलो. पहारेकरी म्हणाला, "काका, पेशंट कुठल्या वॉर्डात?"

"पेशंट नाही. पाठांतर करतोय."

"मग जरा बाजूला उभं राहून करा, ॲम्ब्युलन्स येतेय."

बाजूला झालो. वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. आवाज फुटला तो पंधरा-वीस फेऱ्यांनंतर, आणि तो राजाचा नव्हता.

संध्याकाळी आईला चौथ्याचं ठिकाण सांगितलं आणि खाटेभोवती फिरत ते वचन म्हटलं.

"परत," आई म्हणाली.

परत म्हटलं.

"परत."

तिसऱ्यांदा म्हणताना तिने माझ्या सदऱ्याचं टोक पकडलं. पाय तरीही जागच्या जागी हलत राहिले.

"मला काही तिथे येता आलं नाही," ती म्हणाली. "कितव्या मजल्यावर होते ते?"

"तिसऱ्या."

"खिडकी होती?"

"होती. पलंगाला लागूनच."

"बाहेरचं दिसायचं त्यांना?"

"रस्ता दिसायचा. शेवटपर्यंत रिक्षावाल्यांच्या चुका काढत होते."

आईने सदरा सोडला.

"बरं," ती म्हणाली. "पाचवं म्हण आता. भूक लागलीय."