रेडिओवर माझ्या बहिणीचा आवाज

परवा सुनेने दारावर कॅमेरा बसवला. मोबाईलवर कुठूनही बघता येतं म्हणे. मी विचारलं, "आपल्याशिवाय अजून कोण बघतं?" ती हसली. मी नाही हसले. हा प्रश्न मी नव्वदच्या दशकात, नगरच्या एका पिठाच्या गिरणीत शिकले.

घराण्यातली पहिली बी.एस्सी. मी. नागापूरच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचे, आणि ते ऐटीत सांगायचेही. घरी फोन नव्हता. सगळीकडे शेजारच्या काकांचा नंबर द्यायचा आणि पुढं 'पी.पी.' लिहायचं, तेव्हा निम्मं नगर असंच दुसऱ्याच्या फोनवर बोलायचं. काकांच्या मुलाने मुंबईहून बिनवायरचा फोन आणला होता. आमचा फोन आला की काकू तो माझ्या हातात देत आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेत. माणसं मर्यादेची.

धाकटी बहीण सोनईला दिलेली, पदरात एक लहान पोर. तिने सासरी न सांगता नर्सिंगचा फॉर्म भरला होता, माझ्या पत्त्यावर. मुलाखतीचं पत्र आलं. गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी तिने बूथवरून काकांकडे फोन केला.

"मुलाखत मंगळवारी आहे, ये," मी म्हटलं. "घरी आत्ताच बोलू नको."

"ताई, कळलं तर जाऊ देनार न्हाईत गं."

"कळतंय कशाला? सांगणार कोण?"

शनिवारी संध्याकाळी गिरणीत रांगेत उभी होते. पुढं पलीकडच्या गल्लीतल्या मावशी. त्यांचं माहेर सोनईच. डबा खाली ठेवत म्हणाल्या, "काय गं, बहीन नर्स होनार म्हनं? मंगळवारी मुलाकत हाय न्हवं? उद्या दुपारच्याला माहेरी चाल्लेच हाय, भेटते तिच्या सासूला."

दळण तिथंच टाकून मी थेट काकूंच्या दारात. "दार लावून कान देता होय तुम्ही?"

काकूंचा चेहरा पडला. त्या एवढंच म्हणाल्या, "पदवी घेतलीस ना? मग आधी विचारावं, मग बोलावं."

झोंबलं. तशीच मावशींकडे गेले. त्या जराही न लाजता म्हणाल्या, "आमी कशाला कुनाचं ऐकू? रेडिओ लावला की तुमीच येता की!" त्यांनी काटा मीडियम वेव्हच्या पार टोकाला सरकवला. खरखर झाली, आणि मग काका. खणखणीत आवाजात कुणाला तरी मूळव्याधीचं औषध विचारत होते.

मी फिजिक्स शिकलेली. बिनवायरचा फोन म्हणजे घरातलं छोटं रेडिओ केंद्र, हे पेपरात झकास लिहिलं असतं. तोच फोन कानाला लावून बोलताना डोक्यात आलं नाही. काकू दार लावत होत्या आणि आमचं बोलणं भिंतीतून चाललं होतं.

मावशींना गप्प बसा म्हणून विनवावं असं क्षणभर वाटलं. पण त्या गल्लीत रेडिओ किती, कोण जाणे. मग ठरवलं, दुसऱ्याच्या तोंडून जाण्याआधी आपली गोष्ट आपणच सांगायची.

रविवारी रजा टाकून पहिल्या एस.टी.ने सोनई गाठली. सासूबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. मी पत्र पुढ्यात ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बहीण दारात पांढरीफटक.

"नर्स व्हायला माजी ना न्हाई," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "पन सून माजी, आन् ठावं समद्या नगराला?"

"चूक माझी. गप्प राहा म्हणून मीच सांगितलं तिला."

"व्हय, तुजीच हाय. लई शिकल्याली ना तू!" मग दाराकडे बघून ओरडल्या, "पोराचं मी बघते. मंगळवारी कंची गाडी हाय गं?"

परतल्यावर काकूंची माफी मागितली. मग काकांना मावशींच्या घरी नेऊन बसवलं आणि काकूंना फोनवर बोलायला लावलं.

काका रेडिओकडे बघतच राहिले. "म्हणजे माझी मूळव्याध सगळ्या गल्लीला..."

"दोन गल्ल्यांना, काका."

त्याच दिवशी माळ्यावरचा वायरचा जुना काळा फोन खाली आला. निवड झाल्याचं सांगायला बहिणीने केला तो त्याच फोनवर. काकू नेहमीसारख्या आत जाऊन दार लावायला निघाल्या. मी हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि रिसीव्हर दोघींच्या कानांच्या मधोमध धरला.