न जेवता गेलेला पावणा

रहस्यकथा मुलांना न्यायबुद्धी शिकवते. हे वाक्य माझंच आहे. राजारामपुरीतल्या एका क्लासच्या वरच्या मजल्यावर मी शनिवारी दुपारी वाचनवर्ग घेतो, त्याच्या पत्रकासाठी मी ते लिहिलं. क्लासच्या मालकांनी ते छापलंही. फक्त त्याच्या वर ‘अक्षर सुधारा’ आणि खाली ‘इंग्रजी बोला’ असं घातलं.

सहावी-सातवीची मुलं येतात. आपण गोष्ट वाचायची, मग गोष्टीतलं माणूस कसं आहे आणि गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली आहे ते शोधायचं, असा बेत असतो. तयार रहस्यकथांचे शेवट मुलांना मोबाईलवर सापडतात, म्हणून गोष्टी मीच लिहितो. त्यांचे शेवट शोधायला अजून कुणी गेलेलं नाही.

त्या शनिवारी वर्गातल्या एका मुलीचे वडील आले. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. मुलगी गोष्टींत फार रमते, स्कॉलरशिपचं वर्ष आहे, तेव्हा तिला इथून काढून खालच्या गणिताच्या बॅचला घालावं, असं त्यांच्या मनात होतं.

“एकदा बसून बघतो सर, मग ठरवतो,” म्हणाले आणि हेल्मेट मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसले. मुलगी पहिल्या बाकावर होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पेन्सिलीला टोक होतं, तरी ती टोक काढत राहिली.

मी गोष्ट वाचली. मुरगूडमधलं एक घर. मावशीच्या कपाटातलं जुनं मनगटी घड्याळ नाहीसं होतं. घरात तेव्हा तिघं: मावशी, कागलहून आलेला एक पावणा आणि गोष्ट सांगणारा भाचा. मावशी दिवे लावते, पावण्याला जेवायचा आग्रह करते. तो नको नको म्हणत उठतो आणि निघून जातो. चोर खरं तर भाचाच. घड्याळाला आपण कधी हात लावला नाही, असं तो सुरुवातीलाच सांगतो. पण पुढं घड्याळाच्या मागच्या बाजूचा ओरखडाही सांगून बसतो. ही युक्ती मला फार बारीक वाटली होती.

“चोर कोण?” मी विचारलं.

“पावणं!” अख्खा वर्ग.

“कशावरून?”

“जेवलं न्हाईत की सर!”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरून म्हंजे? मावशी एवढं जेवा जेवा म्हणतीया आन् ह्यो पळतोय. खिशात काय तरी हाय म्हणूनच की.”

“आणि भाचा?”

“त्यो कसा असंल? त्योच तर आपल्याला सगळं सांगतोय.”

ओरखड्याची आठवण करून दिली. ओरखडा कुणीच मनावर घेतला नाही. कोल्हापुरात वाढलेल्या मुलांसमोर मी पावण्याला ताटावर बसू न देता घराबाहेर काढलं होतं. त्यापुढं पुरावा म्हणून ओरखड्याची काय किंमत?

तेवढ्यात त्या मुलीनं हात वर केला.

“सर, मावशीनं दिवे लावल्यात.”

“बरं.”

“म्हंजे दिवस मावळलाय. मग पावणं कसं जेवतील? आमचं पप्पा पण न्हाई जेवत.”

सगळा वर्ग मागं वळला. वडिलांनी हेल्मेट सावरलं.

“काका, खरंच?” एका मुलानं विचारलं.

“व्हय. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर न्हाई जेवत.”

“वडापाव पण न्हाई?”

“पाणी पण न्हाई.”

“मग पावणं म्हणून गेल्यावर लोकं चिडत न्हाईत?”

“चिडतात की,” ते म्हणाले. “एका गिऱ्हाइकाकडं बारशाला गेलतो. पोचायला अंधार पडला. जेवलो न्हाई. त्यो गडी परत दुकानाची पायरी चढला न्हाई.”

पावणा का जेवत नाही याचा मी लिहिताना विचारच केला नव्हता. दुसऱ्या पानाआधी तो मला घराबाहेर हवा होता, एवढंच.

“मग चोर कोण?” मी मुलीला विचारलं.

“भाचा.”

“ओरखड्यावरून?”

“ते हायच. पण पावणं का जेवलं न्हाईत ते त्यानं विचारलं पण न्हाई. नुसतं पळालं म्हणून सांगतोय. आपल्याला पावण्याचा संशय यावा म्हणून.”

“आगं पण त्यो आपल्याला सांगतोय की!” मागून एक जण ओरडला.

“म्हणून तर,” ती म्हणाली.

नजर म्हणजे काय, हे मी सहा शनिवार फळ्यावर बाण काढून सांगत होतो. तिला बाण लागले नाहीत. मी मोठ्या समाधानानं हात वर करायला सांगितले. तिचा एक हात भाच्याविरुद्ध होता. बाकी सगळ्यांनी मावशीला दोषी ठरवलं. पावण्याला दिवस मावळायच्या आत वाढायला काय झालं होतं तिला, असा त्यांचा सवाल होता. घड्याळाचं कुणी नाव काढलं नाही.

वर्ग सुटल्यावर वडील माझ्याजवळ आले. मुलगी जिन्यात चपला शोधत होती, म्हणजे पायात घालून उभी होती.

“राहू दे तिला इथंच,” ते म्हणाले.

जिन्यात चपलांचा धडधड आवाज झाला आणि ती खाली गेली.

आठवडाभर मी छाती काढून हिंडलो. बापानं लेकीच्या तोंडून आपली बाजू ऐकली आणि त्याचं मन वळलं, असं मी घरी दोनदा आणि शेजारी एकदा सांगितलं. मालकांनाही सांगितलं. ते फीच्या पावत्या फाडत होते. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं आणि मग खरी गोष्ट सांगितली. गणिताची बॅच दिवाळीपर्यंत भरलेली आहे, असं त्या गृहस्थांना त्यांनी त्या दिवशी खालीच सांगितलं होतं. जागा झाली की फोन करा, असं म्हणून ते गृहस्थ वर आले होते.