सासऱ्यांचा डोळा आणि माझा ब्लोअर

शिरूरकडं कांद्याच्या चाळीशेजारी गाडी लावली की उंदरांना ती आपलीच वाटते. माझ्या वायरी त्यांनी दोनदा कुरतडल्या. शेजारचे आबा म्हणाले, "तंबाखूचा भुगा फडक्यात बांध आन् बॉनेटमधी लटकव. फिरकायचं न्हाईत." सगळे तसंच करतात. मी पडलो सगळ्यांपेक्षा शहाणा. पुरचुंडी बांधत कोण बसणार, म्हणून पाव किलो भुगा पुढच्या काचेखालच्या जाळीतून सरळ आत ओतला. गाडीत हवा सोडणारा ब्लोअर ती तिथूनच ओढतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

चार दिवसांत ब्लोअर आजारी पडला. एक, दोन, तीनवर गप्प. चारवर टाकला की खर्रखर्र करायचा आणि दम सोडायचा. फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून रेझिस्टर बदलला, काही फरक नाही. शिक्रापूरचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, "शेठ, पंख्यात कचरा असंल. फिल्टर काढून बघा, तवर चालू करू नका." मी मनातल्या मनात त्यालाच अडाणी ठरवलं.

त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला झालं. उजवा आधीच गेलेला. म्हणजे जे काही दिसायचं ते या एकाच डोळ्याला. घरी एकटेच, म्हणून बायकोनं त्यांना आमच्याकडं आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: वारा नको, धूळ नको, तंबाखू बंद. चाळीस वर्षं रेल्वेत तंबाखूच्या जोरावर काढलेल्या माणसानं ती खरोखर सोडली.

आठव्या दिवशी तपासणीला निघालो. थंडीची सकाळ, सासरे माझ्या शेजारी, बायको मागं. त्यांच्या डोळ्यासाठी काचा बंद. न्हावरं मागं पडेपर्यंत तिघांच्या श्वासांनी पुढची काच आतून पांढरी झाली, पुसली तरी पुन्हा पांढरी. आणि गाडीत तंबाखूचा वास.

"मामा, खाल्ली ना चोरून?"

"न्हाई वो पाव्हणं. शपथ."

"मग वास काय गाडीला सुटलाय?"

"आप्पा, या वयात खोटं बोलताय?" बायकोनं मागून भर घातली.

म्हाताऱ्यानं एकेक खिसा उलटा करून दाखवला. रुमाल निघाला, डोळ्याच्या थेंबांची बाटली निघाली. मी म्हटलं, "पुडी फेकली असेल वाटेत." लग्नापासून त्यांनी मला 'आमचं इंजिनेर' म्हणून चिडवलं होतं, त्याची परतफेड चालली होती. खरं सांगतो, मजा येत होती.

इनामगावच्या फाट्याजवळ उसाची ट्रॉली अगदी नाकासमोर आल्यावर दिसली. तेव्हा गाडी बाजूला घेतली. काचेवर हवा मारायला ब्लोअरच हवा, आणि त्याची मोटर अडकली असेल तर ठोकायची, असं एका व्हिडिओत होतं. ब्लोअर चारवर टाकला, पान्हा घेऊन सासऱ्यांच्या पायाशी, मोटर असते तिथं, वाकलो.

"मामा, ती समोरची हवेची जाळी, तिच्यापाशी तोंड न्या बरं. हवा येतीय का सांगा."

त्यांचा काळा चष्माही धुरकटला होता. तो काढून ते बिचारे वाकले. पहिला ठोका, दुसरा ठोका. तिसऱ्याला पंखा असा सुटला की पाव किलोतला उरलासुरला सगळा भुगा त्यांच्या तोंडावर आला.

ते ओरडले ते अजून कानात आहे. डोळ्यावर तळवा दाबून, शिंकत, कळवळत म्हणाले, "पाव्हणं... तंबाखूच हाय ही. चांगल्यातली हाय."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून दौंडपर्यंत गाडी हाकली. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी केलं हे?" बायकोनं नुसतं बोट दाखवलं. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाहेर बसायला सांगितलं.

डोळा वाचला, नजर मात्र अर्धीच आली. दोन महिने थेंब घालूनही त्याहून पुढं सरकली नाही. आता ते स्टेशनवर जाऊन बसतात. गाडी आलेली दिसते, पाटी वाचता येत नाही, शेजारच्याला विचारतात. माणसं आवाजावरून ओळखतात. मी गेलो की भुवया ताणून बघतात.

"कोण हाय?"

"मी. जावई."

"दिसत न्हाई तुमचं तोंड. तेवढं एक बरं झालं."

स्वतःच खदखदून हसतात. मीही हसतो, दुसरं करणार काय? बायको हसत नाही.