लोखंडाला लावलेला शेंदूर

लेथच्या बेडवर कोणी चहाचा ग्लास ठेवला, की दौलत नाना तो उचलत आणि शांतपणे पिऊन टाकत. ज्याचा चहा असे तो नुसता बघत राही. "बेडवर ठेयेल चहा मना शे," एवढंच म्हणून रिकामा ग्लास त्याच्या हातात देत. बेड म्हणजे लेथचा तो लांब, गुळगुळीत लोखंडी पाया. त्याच्यावरूनच कापणारं टूल धरलेला गाडा मागेपुढे सरकतो. त्यावर ओरखडासुद्धा नको, हा नानांचा कायदा. काही जुने लोक तो मुद्दाम मोडत, कारण नानांना चहा पाजायचा तेवढाच एक मार्ग होता. एरवी ते कोणाचा घेत नसत.

ऐंशीच्या दशकात जळगावला मेहरूणच्या अलीकडे एक जिनिंग कारखाना होता. त्याच्या वर्कशॉपमध्ये नाना फिटर आणि मी स्टोअरकीपर. नाना चोपड्याकडच्या एका खेड्यातले, बौद्ध कुटुंबातले. काम शिकले ते धुळ्याला, एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. अंगाने काटकुळे, पण मनगटं अशी, की हात मिळवायला मी घाबरत असे. आमचा लेथ विलायती होता, आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठा. एके काळी तो छताला टांगलेल्या शाफ्टवरच्या चामडी पट्ट्याने फिरायचा. पुढे त्याला मोटार बसवली, एवढाच काय तो त्याचा नवा संसार.

हा लेथ दोन-तीन वर्षांपासून बिघडला होता. त्यावर कातलेला प्रत्येक शाफ्ट चकपासून, म्हणजे लोखंड पकडून फिरवणाऱ्या जबड्यापासून, वीतभर अंतरावर किंचित जाड यायचा. डोळ्यांना कळत नसे, पण जिनमध्ये, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, बसवला की बेअरिंग तापायचं. एकदा तर ऐन हंगामात कपाशीच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या. श्रावणात मॅनेजरसाहेब वर्कशॉपमध्ये आले आणि उभ्याउभ्या सांगून गेले: दिवाळीपर्यंत या मशीनवर एक धड शाफ्ट निघाला नाही, तर मशीन भंगारात आणि वर्कशॉपला कुलूप. शाफ्ट बाहेरून कातून आणू. याचा अर्थ नाना, दोन टर्नर आणि एक वेल्डर घरी. मला ऑफिसात खुर्ची मिळाली असती. हे मी लपवत नाही.

साहेबांची पाठ वळली तसे नाना म्हणाले, "भाऊ, मशीन म्हतारं व्हयनं शे, मरेल नही." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लेथ उघडायला घेतला. मोटार तपासली, गिअर धुतले, स्पिंडलची बेअरिंगं काढून पाहिली. सगळं ठीक. मग ते बाजारात गेले आणि पूजेच्या सामानाच्या दुकानातून शेंदूर घेऊन आले. दुकानदाराने विचारलं होतं, "कुठल्या मारुतीला?" नाना म्हणाले होते, "लोखंडना."

शेंदूर तेलात कालवून एका बिनचूक सरळ पट्टीला पातळ लावायचा आणि ती पट्टी बेडवरून अलगद फिरवायची. जिथे बेड उंच, तिथे लाल ठिपका उमटतो. "डोयाले दिसत नही, ते शेंदूरले दिसस," नाना म्हणायचे. पण तशी पट्टी आमच्याकडे नव्हती. ती धुळ्याच्या त्या मिस्त्रीकडे होती. नाना रजा टाकून गेले आणि ते लांबलचक लोखंड घोंगडीत गुंडाळून एसटीने घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, टपावर टाका." नाना म्हणाले, "टपवर वाकी जाई. मना मांडीवर ऱ्हाऊ द्या." धुळ्यापासून जळगावपर्यंत एवढं ओझं मांडीवर घेऊन हा माणूस बसला. उतरल्यावर पायांना मुंग्या आल्या म्हणून स्टँडवर जरा वेळ उभा राहिला आणि तसाच कामावर आला.

पट्टी फिरली आणि चकपासून वीतभर अंतरावर लाल ठिपक्यांचा पुंजका उमटला. नानांनी तिथे नख फिरवलं. रोजच्या तेल-किसाखाली लपलेले हातोडीचे बारीक घाव होते. प्रत्येक घावाच्या कडेला लोखंड उचललं गेलं होतं, आणि मधल्या भागाला गंजाने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. त्यांनी बोट चिंधीला पुसलं. मग मला म्हणाले, "भाऊ, आठे कोन काय आपटस?"

कोण ते मला माहीत होतं. दर दसऱ्याला लेथची पूजा व्हायची. चकला हार, मोटारीला हळदकुंकू, आणि नारळ बेडवर ठेवून हातोडीने फोडायचा. हा मान माझा. शेवटचा ठोका बहुतेक वेळा बेडवरच पडायचा. नारळाचं पाणी फुलांखाली सुटीभर तसंच मुरायचं, आणि कोणी पुसत नसे, कारण देवाचं पाणी कोण पुसणार? नानांना यातलं काही माहीत नव्हतं. दसऱ्याला ते कधी वर्कशॉपमध्ये नसतच. आदल्या दिवशीच पांढरे कपडे पिशवीत घालून नागपूरला जात. चहाच्या ग्लासावर पहारा ठेवणाऱ्या माणसाच्या मागे आम्ही वर्षानुवर्षं हे करत होतो.

"नाना, तिथे नारळ फुटतो. मीच फोडतो," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ते पूजेबद्दल काही बोलणार, आणि मग आमच्यात कायमचं काहीतरी तुटणार. नाना म्हणाले, "नारयनं काय चुकनं? जागा चुकनी." मग धार लावायचा तेलाचा दगड माझ्या हातात दिला. "धरा. बसा घासाले."

रोज स्टोअरचं काम आटोपलं की मी तासभर बेडवर दगड घासू लागलो. उचललेलं लोखंड सपाट झाल्यावर सगळा बेड एका पातळीत आणायचं खरं काम सुरू झालं, ते मात्र नानांनी एकट्याने केलं. जुन्या कानशीला धार लावून त्यांनी खरवडणी बनवली होती. शेंदूर लावायचा, पट्टी फिरवायची, लाल दिसेल तेवढंच कणभर खरवडायचं, पुसायचं, पुन्हा शेंदूर. दीड-दोन महिने हेच. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर चिंधी बांधली. कंटाळून मी एकदा म्हणालो, "नाना, आता पुरे नाही का?" त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "शेंदूरले इचारा."

दसरा आला. निघताना नाना म्हणाले, "मी नागपूरले चालनू. मशीन तुमना ताबामा शे." दुसऱ्या दिवशी पूजेला साहेब स्वतः आले आणि त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. "साहेब, बेडला ताजं ग्रीस लावलंय, प्रसाद खराब होईल," असं काहीतरी बोललो आणि बाहेर जाऊन उंबऱ्याच्या दगडावर नारळ फोडला. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी नानांनी शाफ्ट कातला. साहेबांनी मायक्रोमीटर स्वतःच्या हाताने लावला. चार ठिकाणी एकच माप आलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तेच. "भंगारवाल्याला सांगा, येऊ नको," साहेब म्हणाले. एका टर्नरने तर लेथलाच हात जोडले. माझे डोळे भरून आले. जाता जाता साहेबांनी विचारलं, "पण दौलत, या मशीनला झालं तरी काय होतं?"

मी खाली वाकून मायक्रोमीटर पेटीत ठेवू लागलो.

"म्हतारपन, साहेब. दुसरं काय?" नाना म्हणाले.

साहेब गेल्यावर मी त्यांना गाठलं. "नाना, माझं नाव का नाही घेतलं?"

ते पट्टी घोंगडीत गुंडाळत होते. दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला परत पोचवायची होती. म्हणाले, "साहेबनी मशीनबद्दल इचारं. तुमनाबद्दल कोठे इचारं?"

त्यानंतर ते लेथवर आणखी आठ-नऊ वर्षं राहिले. निरोपाच्या सभेत मला बोलायला उभं केलं होतं. मी त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल बोललो, चहाचा किस्सा सांगून लोकांना हसवलं आणि खाली बसलो. नाना गेल्याला आता बरीच वर्षं झाली. साहेब नाहीत, कारखानाही नाही, त्यामुळे विचारणारं कोणी उरलेलं नाही. तरी सांगतो. ते म्हातारपण नव्हतं, साहेब. तो बेड मी खराब केला होता.