लिंडाखरांची सून

फिओनाचा फोन आला तेव्हा मी वेम्बलीला, ईलिंग रोडवरच्या दुकानात मेथीच्या जुड्या निवडत होतो. "मंदार, नलू आंटी गेली," ती म्हणाली. आदल्या दिवशी दुपारी जेवण करून टीव्हीवर स्नूकर बघत बसल्या होत्या. शेजारीण डोकावली तेव्हा खेळ चालूच होता, मावशी मात्र... मी मेथी हातात तशीच धरून उभा राहिलो. मागची बाई "भाई, लेना है कि नहीं" म्हणून खेकसली तेव्हा भानावर आलो. आणि खरं सांगतो, दुःखाच्याही आधी एक विचित्र समाधान वाटलं. नलूमावशी गेल्याची बातमी मला एडिनबराहून यावी, एका लालकेसी स्कॉटिश मास्तरीणबाईने ती द्यावी, आणि सांगताना तिचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा फाटावा... हे ऐकून मावशी काय खूश झाल्या असत्या! आता याला महिना होत आला. रडून झालंय. लिहायला बसलोय तर हसूच येतंय.

नलूमावशी माझ्या घरमालकीणबाई. मी वर्क परमिटवर पुण्याहून आलो तेव्हा ईलिंगमधल्या त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. दारावरच्या पाटीवर 'एन. लिंडाखर' असं वाचून मी एखाद्या गोऱ्या म्हातारीच्या तयारीने बेल दाबली, तर दार उघडलं हिरव्या इरकलीतल्या, पांढऱ्या अंबाड्याच्या बाईंनी. "चप्पल बाहेर, छत्री त्या बादलीत, आणि पोहे खातोस ना?" एका दमात तीन प्रश्न मिटले. चौथा त्यांनी पोह्यांच्या बशीबरोबर विचारला, "कुठला तू?" मी म्हटलं, पुण्याचा. "ते सगळेच सांगतात. मूळचा कुठला?" गाव, तालुका, कुलदैवत हे सगळं काढून घेतल्याशिवाय त्यांच्या घरात दुसऱ्यांदा चहा मिळत नसे.

मग मीही विचारलं, तुमचं हे आडनाव कुठलं? त्यांनी सांगितलं ते असं. माहेरच्या त्या वडगावकर. साठच्या दशकात नर्स म्हणून इंग्लंडला आल्या आणि रेल्वेत सिग्नलचं काम करणाऱ्या पीटर लिंडाखरच्या प्रेमात पडल्या. पीटरचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ जर्मनीहून लंडनला आले होते, पूर्व भागात त्यांची बेकरी होती. पहिल्या महायुद्धात लोकांनी जर्मन दुकानांच्या काचा फोडल्या त्यात तीही गेली. थोरल्याने नाव बदललं आणि उत्तरेला कुठेतरी निघून गेला. धाकट्याने, म्हणजे पीटरच्या आजोबांनी, नाव सोडलं नाही. त्यावरून भावाभावांत जे फाटलं ते फाटलंच. त्या नावापायी शाळेत दगड खाल्लेल्या पीटरच्या वडिलांना सून हवी होती ती अगदी चारचौघींसारखी इंग्रज. त्यांनी मुलाच्या लग्नाला यायचं नाकारलं, आणि नलिनीने त्यांच्या घराचा उंबरठा कधी पाहिलाच नाही. मूलबाळ झालं नाही. मी आलो त्याच्या काही वर्षं आधी पीटरही गेला. "मी या घराण्यात रजिस्ट्रारच्या ऑफिसातून शिरले रे," मावशी म्हणाल्या. "दारातून मला कुणी आत घेतलंच नाही. आणि आता त्यांचं नाव लावणारी मी एकटी उरले, बघ गंमत! मरायच्या आधी त्यांच्यातल्या एका तरी माणसाने म्हणावं, की ही आमची."

पुण्यातल्या निम्म्या पोरांप्रमाणे मीही जर्मनच्या दोन परीक्षा देऊन तिसरीला पळून गेलेला. तेवढ्या भांडवलावर म्हटलं, "मावशी, आपण गावाला 'कर' लावतो तसं ते 'अर' लावतात. लिंडाखर म्हणजे लिंडाख गावचे. आणि लिंडन म्हणजे झाड असतं, त्यांच्याकडे गावाच्या मधोमध लावतात, आपल्या पारावरच्या वडासारखं."

मावशींनी डाव खाली ठेवला. "म्हणजे माझ्या सासरला गाव आहे?"

झालं! त्या दिवसापासून माझे शनिवार-रविवार गेले. लग्न झालं की नव्या सुनेला कुलदैवताला नेतात, आपलं ते राहून गेलंय, एवढंच त्यांच्या डोक्यात. मी सांगून पाहिलं की जर्मनांना कुलदैवत नसतं. "तुला कोणी सांगितलं? शोधलं नसेल त्यांनी." नकाशात बघावं तर लिंडाख नावाची गावं एक सोडून अनेक निघाली. मला वाटलं बाई आता नाद सोडतील, पण वडगावकरांच्या लेकीला त्याचं काय! "आमची वडगावं काय कमी आहेत? योग्य ते सापडतंच." पीटरचे आजोबा एका नदीच्या गोष्टी सांगायचे, तिच्या काठचं लिंडाख आम्ही पक्कं केलं. आणि एका ऑक्टोबरात गुडघ्याला पट्टा, पायात ट्रेनर आणि पिशवीत खण, तांदूळ नि ईलिंग रोडवरचा नारळ घेऊन मावशी सासरी निघाल्या. विमानतळावर त्या नारळाची जी तपासणी झाली ती त्यांनी इतक्या शांतपणे पार पाडली, की शेवटी तो तपासनीसच त्यांना सॉरी म्हणाला.

गाव चिमुकलं. मधोमध खरोखरच एक अवाढव्य झाड, त्याला गोल बाक, समोर चर्च. चर्चमध्ये त्या आठवड्यात सुगीचा सण होता. मेरीच्या मूर्तीपुढे लाल भोपळे, कोबी, सफरचंदं, गव्हाच्या लोंब्या असं मांडून ठेवलेलं. मावशींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं, "कुलदैवत नसतं म्हणे!" त्यांनी रीतसर ओटी भरली. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या आजीबाई लगबगीने आल्या, मला वाटलं आता हाकलतात. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की या इथल्या सूनबाई आहेत, लग्नानंतर प्रथमच आल्यात. आजीबाईंनी नारळ उचलला, कानाशी हलवून पाहिला आणि सगळ्यात मोठ्या भोपळ्याच्या शेजारी, पुढच्या रांगेत ठेवला.

पण खरी फजिती पुढेच होती. मावशींनी धरूनच ठेवलं होतं की गावात पावलोपावली लिंडाखर भेटतील. मी विचारलं तशा आजीबाई पोट धरून हसल्या. या गावात त्या नावाचं कुणी नाही, कधी नव्हतंच! इथे सगळेच लिंडाखचे, मग एकालाच तसं कोण म्हणणार? जो गाव सोडून गेला त्याला दुसऱ्या गावच्यांनी ते नाव दिलं. मी मावशींना हे सांगितलं. त्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "खरं आहे रे. आमच्या वडगावात तरी कुठे वडगावकर आहेत? आम्ही गाव सोडलं म्हणून आम्ही वडगावकर." थोड्या वेळाने पदराने चष्मा पुसत, "देव भेटला, पण माणसं नाही भेटली..." एवढ्या उत्साही बाईला इतकं एकटं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

परत आल्यावर मी वंशावळींच्या एका वेबसाईटवर सगळी हकिगत टाकली. बेकरीचा रस्ता, दोन भाऊ, फुटलेल्या काचा, सगळं. पुढचे कित्येक महिने मी ऑफिसातून आलो की जिन्यातूनच प्रश्न यायचा, "काही आलं?" आणि एके दिवशी आलं. एडिनबराची फिओना बेकर नावाची शिक्षिका. तिच्या वडिलांनी शेवटच्या आजारात सांगितलं होतं की आपलं नाव बेकर नव्हे, तुझ्या पणजोबांची पूर्व लंडनमध्ये बेकरी होती, काचा फुटल्यावर ते इकडे आले आणि धंद्याचंच नाव लावलं. रस्ता तोच होता. घरात वडीलधारी अशी आता फिओनाची आत्या, मिस जीन बेकर, निवृत्त मुख्याध्यापिका. 'पण आत्याला हा विषय चालत नाही,' फिओनाने लिहिलं होतं. 'तिला लहानपणापासून सांगितलंय की आजोबा स्विस होते.'

मी हे वाचून दाखवलं. मावशी बोटांवर नातं जुळवत होत्या. पीटरच्या चुलत आजोबांची नात, म्हणजे पीटरची बहीण, म्हणजे... "अरे मंदार, मला नणंद आहे!" आणि त्या अक्षरशः नाचल्या हो, गुडघ्याच्या पट्ट्यासकट. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका नणंदांच्या नावाने बोटं मोडतात, आणि ही बाई सत्तरीत नणंद मिळाली म्हणून साखर वाटत फिरली. जीनबाईंना विषय चालत नाही याचं मी स्मरण दिलं, तर म्हणाल्या, "नणंद आहे म्हणजे फुगणारच. ओळख पटली बघ."

आम्ही ट्रेनने एडिनबराला गेलो. मावशींच्या मांडीवर नणंदेच्या मानाची पैठणी, ती त्यांनी रॅकवर ठेवू दिली नाही. जुन्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट. फिओनाने आम्हाला वर नेलं, बेल दाबली. दार अर्धवट उघडलं. उंच, काटक, करड्या स्वेटरमधली बाई. एक हात चौकटीवर आणि दुसऱ्या हातातली काठी उंबऱ्यावर आडवी. "फिओनाने तुम्हाला उगाच त्रास दिला," त्या म्हणाल्या. "या घरात कुणी जर्मन नव्हतं. तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं याचं वाईट वाटतं." माझे पाय मागे फिरायलाच निघाले होते. फिओना लालबुंद. आणि मावशी? मावशींच्या चेहऱ्यावर लख्ख हसू. "बघितलंस, दार अडवलंन!" असं मला म्हणून त्यांनी पदर सावरला, डोक्यावरून घेतला आणि त्या एडिनबराच्या जिन्यात, खणखणीत मराठीत,

"लिंडनच्या झाडाला पानं हिरवीगार,
पीटर लिंडाखरांचं नाव घेते, वन्सं, सोडा दार!"

जिन्यात ते नाव घुमलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं. जीनबाई थिजल्या. "हे काय होतं?" मावशींनी इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे नवी नवरी घरात येताना नवऱ्याची बहीण तिची वाट अडवते. नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. माझ्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण मला अडवायला कुणी दारात आलंच नव्हतं. आज तुम्ही आलात. तुम्ही आत घेतलं नाही तरी चालेल, अडवलंत हेच खूप झालं.

मला वाटतं त्या शेवटच्या वाक्यावर ती बाई हरली. "ते नाव या घरात कुणी मोठ्याने घेतलेलं मी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "मी एकदा विचारलं होतं, तर वडिलांनी थोबाडीत दिली होती." मग काठी तशीच आडवी ठेवून, "पुन्हा म्हणा." मावशींनी पुन्हा म्हटलं. काठी बाजूला झाली. "चहा गार होतोय," जीनबाई म्हणाल्या, आणि मावशींनी आधी उजवा पाय आत टाकला.

पुढची काही वर्षं नुसती धमाल. दर रविवारी फोन आणि दर रविवारी भांडण. नानकटाई आणि शॉर्टब्रेड यात आधी कोण, इथून ते स्नूकरमध्ये कोण जिंकणार इथपर्यंत. जीनबाई ईलिंगला गणपतीला आल्या, पैठणी स्वेटरवरून गुंडाळून, आणि आरतीत झांजा अशा वाजवल्या जशी शाळेची घंटा. मी लग्न करून वेम्बलीला राहायला गेलो तेव्हा माझ्या बायकोला मावशींनी पहिला सल्ला दिला, "नणंदेशी भांडत जा गं, त्याशिवाय घर आपलं वाटत नाही."

मावशींच्या अंत्यविधीला जीनबाई व्हीलचेअरवरून आल्या. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने एडिनबराला जाणं झालं, तेव्हा मावशींची ती हिरवी इरकल त्यांना द्यायला गेलो. खाली रस्त्यावरच्या दाराशी बेलची बटणं आणि त्यांच्या शेजारी पितळी नावं. मी 'बेकर' शोधू लागलो. होतं. त्याच्या खाली एक नवी कोरी पाटी चमकत होती... लिंडाखर.

वर गेल्यावर मी म्हटलं, "मावशींच्या आठवणीसाठी पाटी लावलीत, फार बरं वाटलं."

"तिच्यासाठी नाही लावलेली," जीनबाई फटकन म्हणाल्या. इरकल त्यांनी मांडीवर घेतली होती आणि काठावरून बोट फिरवत होत्या. "माझी आहे. माझ्या आजोबांचं नाव आहे ते. त्यांना भीती वाटली, वडिलांना लाज वाटली. आणि कुठल्या कुठली ही मुलगी, तिने जन्मभर ते मिरवलं. आता तिला विश्रांती. आता मी आहे ना."

मी जिना उतरलो, रस्त्यावर आलो. जवळून शाळेची पोरं दंगा करत चालली होती. का कोण जाणे, पावलं वळली, आणि मी 'लिंडाखर' पाटीजवळचं बटण दाबलं.

"कोण आहे?" बेलशेजारच्या जाळीतून मुख्याध्यापिकांचा करडा आवाज.

"लिंडाखर इथेच राहतात का?"

खरखरीतून त्या म्हणाल्या, "हो. वर या."