दार लागणारी गाडी

आमच्या सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर आहे. सरकारनं ते युद्धासाठी दिलंय. आम्ही त्यात माझ्या लेकीची, इराची जुनी सायकल, दोन रिकाम्या बॅगा आणि आकाशकंदील ठेवतो. आमच्या तिघींचे किस्से असेच साठत गेले. मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत. टाकवले नाहीत, म्हणून आत ढकलले. आता एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर येतात!

तिघी म्हणजे मी, डोंबिवलीची शलाका आणि दापोलीची रुबिना. ओळख खालच्या प्लेग्राउंडवर झाली, मैत्री झाली ती वडिलांमुळे. तिघींचेही वडील आखातात होते. माझे बाबा सौदीत एसी मेकॅनिक, रुबिनाचे अब्बा तिथेच ड्रायव्हर, शलाकाचे बाबा मस्कतला अकाउंटंट. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'वाळूच्या पोरी'. ते रुबिनाचं. मी सुचवलेली चार नावं दोघींनी "फारच साहित्यिक" म्हणून उडवून लावली.

*

सिंगापूरमध्ये गाडी दहा वर्षांची झाली की बहुतेक लोक ती मोडीत काढतात. त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक गाडी कालच घेतल्यासारखी दिसते आणि जुनी गाडी दिसणं ही बातमी होते.

एका रविवारी रुबिनाचा मेसेज आला, "पार्किंगचा पाचवा मजला. पोरीला घेऊन ये नाहीतर टाकून ये, पण ये!"

माझा स्वभाव असा की मी फर्स्ट एडचा डबा घेऊन धावले.

वर जखमी कुणीच नव्हतं. एक लांबलचक अमेरिकन गाडी उभी होती. फिकट हिरवी, मागे माशासारखे पर, पुढे कवळी घातल्यासारखी जाळी. दीड गाडीची जागा एकटीनं अडवलेली. एक म्हातारे चिनी अंकल पिवळ्या फडक्यानं तिला पुसत होते. रुबिनाचा हात बॉनेटपासून बोटभर अंतरावर थांबलेला.

"टच कॅन," अंकल म्हणाले. "स्क्रॅच कॅनॉट!"

रुबिनानं हात टेकवला आणि ढसाढसा रडायला लागली.

अंकल घाबरले. "आय्यो, व्हाय क्राय? आय से टच कॅन, लाह!"

*

रडण्याचं कारण म्हणजे फोटो. तो फोटो आमच्या तिघींच्या घरी भिंतीवर होता. मागे वाळवंट, पुढे मोठी अमेरिकन गाडी, बॉनेटवर कोपर टेकून उभे असलेले वडील. गॉगल घातलेला. आखातात गेलेल्या माणसानं असा फोटो घरी पाठवायचाच, असा त्या काळचा रिवाजच असावा.

आमच्या चिंचवडच्या घरी पाहुणा आला की मी आधी फोटो दाखवायचे, मग पाणी. "ही आमची गाडी. तिकडे असते."

चौथीत तर मी 'आमची गाडी' असा निबंधच लिहिला. बाबा दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे, ते नेमके त्या आठवड्यात आलेले. शाळेत बाईंनी कौतुकानं विचारलं, "एवढी मोठी गाडी! ॲव्हरेज किती देते हो?"

बाबा जरा विचारात पडले. मग म्हणाले, "एका जागी उभी असते ना बाई, त्यामुळे पेट्रोल अजिबात लागत नाही!"

सगळे हसले. मीही हसले. मला तो विनोद कळायला वयाची चौतिशी यावी लागली.

*

शलाकाचे बाबा अकरा वर्षांनी कायमचे परत आले. महिना गेला. एक दिवस तिच्या आईच्या लक्षात आलं की हे रोज पाहुण्यांचा टॉवेल वापरतायत.

"अहो, आपला टॉवेल दोरीवर असतो की!"

"हो का?" ते म्हणाले. "मला कुणी दाखवला नाही."

शलाका हा किस्सा फार रंगवून सांगते. टॉवेलपर्यंत आली की दर वेळी तिला कुणाला तरी अर्जंट फोन करायचा असतो.

*

त्या रविवारनंतर आम्ही तिघींनी आपापले फोटो ग्रुपवर टाकले. रुबिनाचा फोटो आला आणि मी इराला भरवता भरवता थांबले.

रुबिनाच्या फोटोत अब्बांचे पाय दिसत होते आणि गाडीची खालची बाजूही. गाडीला चाकंच नव्हती! चारही बाजूंना दगड रचलेले, पोट वाळूत रुतलेलं.

मी बाबांचा फोटो उघडला. गुडघ्यांपाशी संपलेला. शलाकाच्या बाबांचाही गुडघ्यांपाशीच.

"अगो, तिकडे टाकून दिलेल्या गाड्या असायच्या," रुबिनानं लिहिलं. "आपल्या माणसांकडे कुठली आलीय गाडी!"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं ज्या फोटोला मी मनात रोज नमस्कार करत होते, ती एक थाप होती. मेलेल्या माणसावर रागावता येतं का, हे मी त्या रात्री इंटरनेटवर शोधलं. येतं म्हणे. नॉर्मल आहे. मला नॉर्मल म्हटलेलं फार दिवसांनी वाचलं.

*

रुबिनानं मग दापोलीला फोन लावून अब्बांनाच विचारलं. तिनं सांगितलं ते असं.

कॅम्प वाळवंटात. एका खोलीत आठ माणसं, एकावर एक पलंग. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सगळे मिळून कंपनीच्या पिकअपमधून जुन्या गाड्या शोधायला जायचे. लांबून काही चमकलं की ओरडायचे. अमेरिकन मिळाली तर ईदच!

"पण कशाला? पार्ट काढायला?" रुबिनानं विचारलं.

"छे गो. बसायला."

मागची सीट सोफ्यासारखी असायची. पाळी लावायचे. एकानं आत जायचं, दार लावायचं, काचा वर करायच्या आणि आठवडाभर खिशात ठेवलेलं घरचं पत्र वाचायचं. बाकीचे लांब पाठ करून उभे.

"कॅम्पात दार लागणारी जागाच नव्हती," अब्बा म्हणाले. "माणसानं रडायचं कुठे?"

*

हे सगळं मी नवऱ्याला, निखिलला सांगितलं. वेळ चुकली. माझ्या वेळा चुकतातच.

चांगी बिझनेस पार्कमधली त्याची अख्खी टीम बंद झाली होती. नोकरी गेली की इथं राहायचा पास जातो, पास गेला की आम्ही तिघंही जातो. इथं दुसरं काही मिळत नव्हतं. रियाधची एक ऑफर हातात होती. पण पहिलं वर्ष एकट्यानं जायचं. इरा आणि मी चिंचवडला. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"एकच वर्ष गं. आता व्हिडिओ कॉल आहेत."

"बाबाही दोनच वर्षं म्हणाले होते. अकरा झाली."

"मग मी काय करू? बायकोला गाडीच्या फोटोची भीती वाटते, असं एचआरला कळवू?"

"कळव," मी म्हटलं. "सोबत फोटो जोड."

चार वर्षांची इरा वर न बघता म्हणाली, "पापा गो अल्सो कॅन, लाह. बट कम बॅक फॉर डिनर."

*

आई तेव्हा मदतीला आमच्याकडे आलेली होती. शनिवारी दुपारी पोळ्या लाटता लाटता मी तिला रुबिनाच्या अब्बांचा फोटो दाखवला. जरा कुजकेपणानंच दाखवला.

"बघ. निदान त्यांनी खरं दाखवलं. बाबांनी कसा बरोबर गुडघ्यापर्यंत काढून घेतला!"

आईनं हात धुतले. आत गेली. तिच्या पर्समधल्या पोथीतून एक पट्टी काढून तिनं माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. चार बोटं रुंद. पट्टीवर वाळू, गाडीखालचे दगड आणि बाबांचे पाय. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

"त्यांनी पूर्ण पाठवला होता," आई म्हणाली. "कात्री मी लावली. चाळीतले लोक बघणार, तू बघणार. वरचा भाग भिंतीवर लावला."

"आणि हा?"

"हा माझ्याकडे."

मी पट्टी उलटी केली. मागे बाबांचं बारीक अक्षर. 'शुक्रवारी हिच्यात बसून तुझं पत्र वाचतो. दार नीट लागतं.'

माझी पोळी जळली.

निखिलनं ती पट्टी हातात घेतली, बराच वेळ वाचली. एवढा वेळ लागावा इतकं त्यात लिहिलेलं नव्हतं.

"आई, तुम्ही काय उत्तर पाठवलंत?"

"इतकं जुनं कुठलं आठवायला!" आईनं तवा पुसला.

निखिलनं पट्टी परत तिच्या हातात दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी शुक्रवारीच हो कळवलंय."

*

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी निखिल दूध आणायला खाली गेला तो तासाभरानंही आला नाही. फोन लागेना. तासाभरात माणसाचं काय काय होऊ शकतं, याची माझी यादी तयार असते. इराला काखोटीला मारून मी निघाले. मागून आई.

पार्किंगचा पाचवा मजला. अंकल गाडीपासून दहा पावलांवर, कठड्याशी, पाठ करून उभे होते. हातात पिवळं फडकं.

"यू हजबंड आस्क, कॅन सिट ऑर नॉट," ते वळून हळूच म्हणाले. "आय से कॅन सिट."

गाडीच्या सगळ्या काचा वर होत्या. मागच्या सीटवर निखिल, मांडीवर दुधाची पिशवी, दोन्ही तळहात तोंडावर.

इरा खाली उतरून धावायला लागली, "पापा!" मी तिला धरलं. हाक मारावी की न मारावी ते मला कळेना. आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो. अंकलनी पुन्हा पाठ केली.

बऱ्याच वेळानं आई माझ्या कानाशी लागली.

"निखिलरावांना सांग, काच जराशी खाली करून बसा म्हणावं. आत उकडतं." आणि मग, गाडीकडेच बघत, "त्यांनाही मी हेच लिहिलं होतं."